ओट्याशेजारचं अलायमेंट

राजमहंमद मुलाणी यांनी अलायमेंटचं मशीन घ्यायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी बारीकसारीक सगळ्याचा विचार केला होता. नव्या बोर्डावर अक्षरं लाल हवीत की निळी, उद्घाटनाला पेढे वाटायचे की जिलेबी, आणि फोटो काढताना आपण मशीनच्या डावीकडं उभं राहायचं की उजवीकडं, हे त्यांचं पक्कं झालेलं होतं. फक्त गॅरेज मोजायचं राहून गेलं.

भवानीनगरच्या पुढं इंदापूरच्या बाजूला, रस्त्याला लागूनच त्यांचं गॅरेज. पुढं गॅरेज, मागं घर आणि मधे एक भिंत. या भिंतीच्या अलीकडं राजमहंमद मिस्त्रींचं राज्य आणि पलीकडं त्यांच्या बायकोचं, मुनिराचं. सव्वीस वर्षं ही हद्द दोन्ही बाजूंनी पाळली गेली होती. देशादेशांच्या हद्दीसुद्धा एवढ्या काळात इकडच्या तिकडं होतात.

गाडीची चारी चाकं एकमेकांशी सरळ आहेत का, हे बघण्याचं काम म्हणजे अलायमेंट. ती सरळ नसली की गाडी एका बाजूला ओढते आणि नवा टायर चार महिन्यांत एका कडेनं टकला होतो. मिस्त्री हे काम इतकी वर्षं सुतळी लावून, एक डोळा मिटून करत आले होते आणि त्यात त्यांचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. पण एक दिवस कळंबचे डॉक्टर अविराज गाडीचं ऑइल बदलून घेता घेता अगदी गोड आवाजात म्हणाले, "मिस्त्री, बाकी सगळं तुमच्याकडंच. अलायमेंट तेवढं मी बारामतीला करून घेतो हं. तिथं कॉम्प्युटर आहे."

डॉक्टर भांडले असते तर मिस्त्रींनी मनाला लावून घेतलं नसतं. पण तो 'हं' त्यांना लागला. त्या 'हं'मध्ये पेशंटला 'काही काळजी करू नका हं' म्हणताना असते तसली दया होती. त्याच आठवड्यात त्यांनी पुण्याच्या एका कंपनीला फोन लावला.

कंपनीनं सांगितलं, आधी जमीन सपाट करा. पिटाच्या, म्हणजे गाडीखाली उतरून काम करायच्या खड्ड्याच्या, दोन्ही बाजूंनी, जिथं चाकं उभी राहतात तिथं, एक-दोन मिलिमीटरचासुद्धा फरक चालणार नाही. मिस्त्रींनी सोपान गवंड्याला बोलावलं, आणि न बोलावता शेजारचे आबासाहेब आले.

आबासाहेब साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झालेले. जगात ज्याला ज्याला मोजता येतं, त्या सगळ्यावर आपला शब्द शेवटचा, असं त्यांचं मत होतं. सोपाननं लेव्हल बघायला पाण्याची नळी काढली, तसं तिचं एक टोक आबांनी त्याच्या हातातून काढूनच घेतलं.

"सोपान, तू खूण कर. नळी मी धरतो. बत्तीस वर्षं काटा बघितलाय मी."

दोन कोपरे बिनबोभाट झाले. तिसऱ्या कोपऱ्यावर आबांना, उसानं भरलेली एक बैलगाडी काट्यावर उभी असताना बैल कसा खाली बसला, ती हकिकत आठवली. ती सांगायला त्यांना दोन्ही हात लागत होते.

"आबा, नळी हलवू नगा," सोपान म्हणाला.

"हलतीय कुठं? हात हलतोय," आबा म्हणाले.

सोपाननं खूण केली. खुणेप्रमाणं कोबा झाला. काचेसारखा गुळगुळीत. मिस्त्री त्यावर अनवाणी चालून आले आणि घरातल्या फरशीलाही हा मान कधी मिळाला नव्हता, हे मुनिराच्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी कोब्यावर पाणी मारायचं काम तिच्याकडं आलं. ती बादली घेऊन पाणी मारत होती आणि मधेच थांबली.

"अवो, पाणी समदं त्या उजव्या कोपऱ्याला चाललंय. पुढच्या."

"पाण्याला काय कळतंय?" मिस्त्री म्हणाले. "नळीनं बघितलंय आमी."

"मग नळीत काय दूध हुतं का?"

मिस्त्री पान्यांची पेटी आवरायला लागले. कोब्याच्या मापात बायकोशी वाद घालणं त्यांच्या पदाला शोभलं नसतं.

पंधरा दिवसांनी मशीन टेम्पोतून उतरलं. कॉम्प्युटरचं कपाट, चाकांना लावायच्या चार पाट्या, पुढच्या चाकांखाली ठेवायच्या फिरत्या चकत्या आणि एका उभ्या खांबावर आडवा, आठ फूट लांब दांडा. त्या दांड्याच्या दोन टोकांना दोन कॅमेरे. कॅमेरे चाकांवरच्या पाट्या बघतात आणि कुठलं चाक किती वाकडं आहे ते पडद्यावर दाखवतात. बरोबर असेल तर हिरवं, चूक असेल तर लाल. सगळं गाव जमलं. मिस्त्रींनी पुस्तक उघडलं आणि मोठ्यानं वाचलं, "पुढच्या चाकापासून कॅमेऱ्याचं अंतर आठ फूट."

सोपाननं टेप लावली. पिटावर गाडी उभी केल्यावर पुढच्या चाकापासून भिंतीपर्यंत अंतर भरलं साडेचार फूट.

गाव टेपकडं बघत राहिलं. असल्या वेळी पहिला सल्ला कोण देतो, यावर त्या माणसाची पुढची दहा वर्षं ठरतात. आबासाहेबांनी ती संधी घेतली. "गाडी मागं घ्या," ते म्हणाले.

"मागं रस्ता हाय आबा."

"मग रस्त्यावर घ्या."

"रस्त्यावरनं ऊस जातोय."

एकानं पिट नवं खणायला सांगितलं. एकानं लहान गाड्यांचंच काम घ्यावं असं सुचवलं. रस्त्यापलीकडच्या प्रयागबाई मार्केटला पाठवायच्या मेथीच्या जुड्या बांधता बांधता हे सगळं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "भिंत कशाला मधी ठिवलीया मग? पाडा की."

मिस्त्रींच्या डोक्यात तो विचार आधीच आलेला होता, पण तो आपल्या तोंडून निघू नये एवढी खबरदारी ते घेत होते. कारण भिंतीच्या पलीकडं साडेतीन फुटांवर जे काही होतं, ते स्वयंपाकघर होतं.

मुनिराशी बोलणी संध्याकाळी चहाच्या वेळी झाली. मिस्त्रींनी सुरुवात खिडकीपासून केली. स्वयंपाकघरात हवा कमी आहे, धूर कोंडतो, एक खिडकी पाडून घेऊ.

"किती मोठी?" मुनिरानं विचारलं.

"असंल की... धा फूट."

"भिंत किती हाय?"

"साडेधा."

मुनिरानं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "पाडा. पर माझा ओटा तसूभरबी हलणार न्हाय. आन् तुमचं ते मशीन माझ्या जागेत उभं ऱ्हानार, तवा रोज त्याच्यावरची धूळ मी पुसीन तशी तुमीबी ओटा पुसायचा."

मिस्त्रींनी अट मान्य केली. ती पाळली की नाही याबद्दल दोन मतं आहेत आणि त्यातलं एक मिस्त्रींचं आहे.

भिंत पडली. कमरेपासून वर दहा फूट रुंद खिंडार झालं आणि दांडा कॅमेऱ्यांसकट, कॉम्प्युटरच्या कपाटासकट स्वयंपाकघरात, बरोबर ओट्याशेजारी, जाऊन उभा राहिला. मिस्त्रींना दृश्य भव्य वाटलं. पण त्याचा एक परिणाम कुणाच्या ध्यानात आला नव्हता. गॅरेजचं शटर उघडं असलं की आता रस्त्यावरून सरळ मुनिराची शेगडी दिसायची. येणारेजाणारे पंक्चर काढायला थांबले की मान लांब करून 'आज वांगं का?' असं विचारू लागले. प्रयागबाईंनी तर तिसऱ्याच दिवशी कोथिंबिरीची जुडी पाठवून दिली, सोबत निरोप, की कालच्या आमटीवर दिसली न्हाय. मुनिरानं जुडी ठेवून घेतली आणि खिडकीला पडदा लावला. अलायमेंटच्या वेळी पडदा वर, एरवी खाली. रंगमंचावर असतो तसा.

आता राहिली वीज. कंपनीच्या कागदात लिहिलं होतं की मशीनला व्यापारी वापराची जोडणी पाहिजे. मिस्त्री अर्ज घेऊन वीज कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला आणि परत वाचला.

"मशीन कुठं बसवलंय?"

"स्वयंपाकघरात साहेब."

"स्वयंपाकघर म्हणजे घरगुती वापर."

"पर काम गॅरेजात चालतं."

"मग मशीन गॅरेजात का नाही?"

"मावत न्हाय."

साहेब विचारात पडले. त्यांच्या नोकरीत पिठाची गिरणी देवघरात बसवणारा माणूस भेटला होता, पण अर्धं मशीन इकडं आणि अर्धं तिकडं, असं प्रकरण पहिलंच. कॅमेरा जिथून बघतो ती जागा घरगुती आणि जे बघतो ते व्यापारी. उद्या त्याच बटणावर मुनिरानं मिक्सर लावला, तर चटणी कुठल्या दरात धरायची? त्यांनी अर्जाच्या कडेला 'समक्ष पाहणी आवश्यक' असं लिहिलं.

पाहणीला साहेब तीन वेळा आले. पहिल्यांदा त्यांना शटर बंद मिळालं. दुसऱ्यांदा त्यांनी नकाशा मागितला आणि मिस्त्रींनी तो कॅलेंडरच्या पाठीवर काढून दिला. तिसऱ्यांदा ते दुपारी जेवणाच्या वेळी आले. मुनिरानं खिडकीतूनच ताट पुढं केलं. बाजरीची भाकरी, खर्डा आणि मटकी. साहेब गाडीच्या बोनेटला टेकून जेवले आणि जेवता जेवता त्यांना वाट सापडली.

"एक करा. वायर गॅरेजच्या बोर्डातून घ्या आणि खिडकीतून आत न्या. वीज गॅरेजची, मशीन पाहुणं. पाहुणा कुठं झोपतो ते आम्ही बघत नाही."

मिस्त्रींनी ती ओळ अर्जावर लिहून मागितली. साहेबांनी 'मशीन पाहुणं' एवढे शब्द सोडून बाकी लिहून दिलं.

शेवटी कंपनीचा इंजिनिअर ज्ञानेश यायचा दिवस ठरला. त्याचं काम एकच. मशीन नीट बसलंय का ते तपासायचं, एक गाडी पिटावर घेऊन तीन वेळा माप काढायचं. तिन्ही वेळा सारखं आलं तर सर्टिफिकेट द्यायचं. नाही आलं तर मशीन परत टेम्पोत. कंपनीचा नियमच तसा होता, कारण चुकीच्या मापानं कंपनीचं नाव जातं. मिस्त्रींनी फोनवर 'व्हय व्हय' म्हणून ऐकलं होतं. गावाला त्यांनी फक्त सर्टिफिकेटचं सांगितलं होतं.

त्या दिवशी मिस्त्रींनी नवा आकाशी शर्ट घातला. पिटात उतरणारा माणूस आकाशी शर्ट घालत नाही. पण त्यांनी ठरवलं होतं की आज आपण कॉम्प्युटरपाशी उभं राहायचं. गाडी आबासाहेबांची. ती व्हॅन गेली दोन वर्षं डावीकडं ओढत होती. आबांचं म्हणणं असं की ती ओढत नाही, तिला घराची ओढ आहे.

ज्ञानेश पोरसवदा, चष्मेवाला आणि फार गंभीर. त्यानं खिडकी बघितली, ओटा बघितला, दांडा बघितला.

"काका, पन्नासेक ठिकाणी मशीन बसवलंय मी," तो म्हणाला. "शेगडीशेजारी पहिल्यांदाच."

"मग तुमचंबी नाव हुईल," मिस्त्री म्हणाले.

पहिलं माप सुरू झालं आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक चाक दिसायचं, लपायचं, परत दिसायचं. ज्ञानेशनं वायरी तपासल्या, काचा पुसल्या. मग त्याला वाफ दिसली. मुनिराची डाळ उकळत होती आणि वाफ बरोबर कॅमेऱ्यासमोरून चालली होती.

"काकू, गॅस बंद कराल का?"

"डाळ अर्धी शिजलीया."

"मुनिरा!" मिस्त्री ओरडले.

तिनं गॅस बंद केला. अर्धवट डाळ ओट्यावर आणि अर्धवट माप पडद्यावर, अशी दोन्ही शेजारी शेजारी थांबली.

त्यानंतर खरी पंचाईत झाली. टायरॉड पिळायला पिटात कुणीतरी पाहिजे होतं आणि टायरॉडला, म्हणजे चाक आत-बाहेर करणाऱ्या सळईला, मिस्त्रींशिवाय दुसऱ्या कुणी हात लावलेला नव्हता. आकाशी शर्ट खुंटीला लागला आणि मिस्त्री बनियनवर पिटात उतरले. ज्ञानेशला चारी चाकं बघत गाडीभोवती फिरायचं होतं. मग कॉम्प्युटरपाशी कोण?

"काकू, तुम्ही तिथंच आहात तर एवढं बटण दाबाल का? मी सांगतो तेव्हा."

मुनिरानं हात पदराला पुसले आणि बटण दाबलं. मग दुसरं. तिसऱ्या वेळी ज्ञानेशनं सांगायच्या आधीच दाबलं. चौथ्या वेळी तिनं आकडा वाचला. पाचव्या वेळी पिटात तिचा आवाज आला, "डावं चाक अजून थोडं बाहेर. न्हाय, लई झालं. आत घ्या. आणि थोडं. बास!"

पिटाच्या अंधारात मिस्त्रींचे कान गरम झाले. या गॅरेजात आजवर त्यांना 'बास' कुणी म्हटलेलं नव्हतं.

तरी पण उजवं पुढचं चाक काही केल्या हिरवं होईना. तीन वेळा माप काढलं, तीन वेळा वेगळं आलं. ज्ञानेश उठून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर टेम्पो दिसू लागला.

"काका, दोष गाडीत नाही आणि मशीनमध्ये पण नाही. जमीन सपाट नाहीये."

"असं कसं?" आबासाहेब उसळले. "नळी मी धरली हुती!"

सोपान बाजूला उभा राहून चपलेनं मातीवर रेघा ओढत होता. मिस्त्री पिटातून वर आले. त्यांनी बोर्डाकडं बघितलं. लाल अक्षरांत 'कॉम्प्युटराइज्ड' हा शब्द सगळ्यात मोठा होता. तो उतरवायला लागला तर सगळ्या रस्त्याला दिसणार होतं. त्यांना घाम आला आणि तो पिटातला नव्हता.

तेवढ्यात खिडकीतून मुनिरा शांतपणे म्हणाली, "उजवा पुढचा कोपरा खाली हाय. मी पैल्याच दिशी सांगितलं हुतं. रोज सकाळी धुतल्यावर पाणी तितंच साचतंय."

सगळे मिस्त्रींकडं बघायला लागले. अशा वेळी माणसापुढं दोन वाटा असतात. आवाज चढवायचा, नाहीतर खरं बोलायचं. मिस्त्री लहान आवाजात म्हणाले, "सांगितलं हुतं. मीच ऐकलं न्हाय."

ज्ञानेशनं स्पिरिट लेव्हल लावून मोजलं. बरोबर सहा मिलिमीटर. तेवढ्या जाडीची पोलादी पट्टी चकतीखाली घातली तर भागणार होतं. पण अशी पट्टी बारामतीवरून कापून आणेपर्यंत त्याची वेळ संपणार होती. चार वाजता त्याला बावड्याला दुसरं काम होतं.

मिस्त्रींनी भंगाराचा ढीग उपसला. एक पत्रा तीन मिलिमीटर, एक आठ. आबासाहेब घरून तराजूचं पारडं घेऊन आले. ते कशाला, हे त्यांनाही सांगता येईना. मुनिरा मात्र वाकली आणि ओट्याखालून धपाटी भाजायचा काळाभोर, सपाट, चौकोनी तवा काढला. एका मोडक्या ट्रॉलीच्या पोलादी प्लेटचा तो तवा मिस्त्रींनीच तिला कापून दिला होता.

"हे बघा बरं मोजून."

ज्ञानेशनं जाडी मोजायचा व्हर्नियर लावला. "सहा," तो म्हणाला. मग परत लावला. "सहाच!"

"द्या हिकडं," मिस्त्री म्हणाले.

"देते. पर नवा करून द्यायचा. आजच," मुनिरा म्हणाली.

तवा चकतीखाली गेला. गाडी पुढंमागं ढकलली. पडदा वर, गॅस बंद, सगळं गाव गप्प. मुनिरानं बटण दाबलं. हिरवं. दुसऱ्यांदा हिरवं. तिसऱ्या वेळी रस्त्यावरून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर गाणी वाजवत धडधडत निघाला, तेव्हा तिनं हात वर करून ज्ञानेशलाच थांबवलं. जमीन हादरायची थांबली, मग बटण दाबलं. चारीच्या चारी हिरवी!

प्रयागबाईंनी टाळी वाजवली, म्हणून सगळ्यांनी वाजवली. आबासाहेब व्हॅन घेऊन रस्त्यावर एक चक्कर मारून आले. स्टिअरिंग सोडून दोन्ही हात वर करून दाखवत आले, गाडी सरळ रेघेत.

ज्ञानेशनं ओट्यावर कागद पसरला आणि सर्टिफिकेट लिहायला घेतलं. गॅरेजचं नाव, गाव, मशीनचा नंबर. मग पेन थांबलं.

"ऑपरेटर म्हणून कुणाचं नाव टाकू? एकच टाकता येतं."

"मिस्त्रींचंच की," आबासाहेब म्हणाले. "बोर्डावर त्यांचं हाय."

मिस्त्रींनी खुंटीवरचा आकाशी शर्ट काढून घातला होता. बटणं लावता लावता ते थांबले. फोटोची जागा, सर्टिफिकेटची चौकट, ती कुठल्या खिळ्याला टांगायची, सगळं त्यांनी ठरवलेलं होतं. त्यांनी खिडकीतून आत बघितलं. मुनिरानं शेगडी पेटवली होती आणि ती पाठमोरी उभी राहून डाळ ढवळत होती, जणू तिला काही ऐकूच येत नव्हतं. पण पळी केव्हाच थांबली होती.

"लिहा," मिस्त्री म्हणाले. "मुनिरा राजमहंमद मुलाणी. आन् नाव नीट मोठ्या अक्षरात येऊंद्या."

पळी परत फिरायला लागली, जरा जोरातच.

आठवड्याभरानं बावड्याहून रणजित नावाचा जीपवाला आला. तो आजवर बारामतीलाच जायचा, पण ज्ञानेशनं त्याला इथला पत्ता दिला होता. जीप पिटावर चढली, मिस्त्री खाली उतरले, पडदा वर गेला. रणजितनं खिडकीत डोकावून बघितलं आणि बिचकला.

"मिस्त्री, आत तर बाईमाणूस हाय. कॉम्प्युटरवाला कुठंय?"

पिटातून नुसता पान्याचा आवाज आला. मग मिस्त्रींनी गाडीखालून मान बाहेर काढली. कपाळावर ग्रीस, मिश्यांत धूळ. पण मान अशी ताठ, की फेटा असता तर तोही शोभला असता.

"त्याच हायेत ऑपरेटर. कंपनीचं सर्टिफिकेट हाय त्यांच्याकडं," ते म्हणाले आणि मग रस्त्यापलीकडच्या प्रयागबाईंनाही ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी हाक मारली, "मॅडम, चालू करा!"

मुनिरानं मागं वळून बघितलं, कुठली मॅडम आली म्हणून.